न वाचता परत

लहान मुलांसाठी कोणती पुस्तकं घ्यावीत, असं मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. कधी अंगणवाडीच्या ताई, कधी जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, कधी न्यू जर्सीहून फोन करणारी भाची. मी चार नावं लिहून देते आणि समोरच्याला वाटतं, हिला यातलं बरंच कळतं. माझ्या पदरचं त्यात फार थोडं आहे. बाकी सगळं बाईंचं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात बाई निवृत्त होईपर्यंत ग्रंथपाल होत्या. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, तरी गावातली लहानथोर माणसं त्यांना बाईच म्हणतात. नाव छापलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून लिहीत नाही. पण त्यांच्याकडून काय काय घेतलं ते लिहून ठेवायला हवं. दाखल नोंदवहीत चढवलं नाही ते पुस्तक वाचनालयाचं नव्हेच, असं त्याच म्हणायच्या.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यानंतर गावोगावच्या जुन्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, वर्ग ठरले, दप्तर वाढलं. आमच्या वाचनालयालाही पगारी ग्रंथपाल नेमता आला आणि बाई आल्या. लग्नापूर्वी त्यांनी कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या संस्थेत, बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत ना, मग शाळाच गुरांमागे न्या, ही तिथल्या कुरणशाळेची रीत. बाई त्यावर कधी व्याख्यान देत बसल्या नाहीत. वाचनालयात रुजू झाल्यावर त्यांनी बालविभागाचं कुलूपबंद काचेचं कपाट मोकळं केलं आणि त्याची किल्ली कुठे ठेवली ते सोयीस्कर विसरल्या, एवढंच.

चित्रांची पुस्तकं पातळ असतात. आठ किंवा सोळा पानांचे एकदोन फर्मे, मधोमध दोन पिना. पाठीवर नाव छापायला जागाच नसते. कपाटात उभी लावली तर कोणतं कुठलं ते कळत नाही; एकावर एक रचली तर तळातलं तळातच राहतं. बाईंनी खिडकीच्या गजांपासून दारापर्यंत सुंभाची दोरी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं तिला लटकवली. मुखपृष्ठं बाहेर, सगळी दिसतील अशी. दोरी इतकी खाली की पाच वर्षांच्या पोराचा हात पोचावा आणि मोठ्या माणसाला वाकावं लागावं. कार्यकारी मंडळातल्या एका सदस्यांनी हे बरं दिसत नाही, असं म्हटल्याचं आठवतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही बसून बघा ना, छान दिसतं."

मी त्या दोरीपाशी गेले ती वाचता येत नव्हतं म्हणून. तिसरीत होते. अक्षरं ओळखीची होती, शब्द लावता यायचे, पण ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. माझा भाऊ तेव्हा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या मागे लागला होता. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचं ते 'टॉक्'. भाऊ एका बैठकीत पुस्तक संपवायचा. मीही तसंच जाड पुस्तक उघडून त्याच्या शेजारी बसे आणि त्यानं पान उलटलं की आपलं उलटे. घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. बाईंच्या आलं. त्या माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. वाचणाऱ्याचे डोळे हलतात. माझे पानावर एकाच जागी थांबलेले असायचे.

त्या काही बोलल्या नाहीत. एका शनिवारी मला टेबलापाशी बोलावून म्हणाल्या, "तुझा आवाज खणखणीत आहे गं. ही बारकी पोरं सारखी गोष्ट मागतात आणि मला देवघेवीतून उठता येत नाही. तू वाचून दाखवशील का त्यांना?" आणि एका पानावर एकच ओळ असलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. "घरी ने. दोनतीनदा वाचून ये. मुलांसमोर अडखळलीस तर ती उठून जातात."

मागे पडलेल्या मुलाला सोप्या पुस्तकांची लाज वाटते आणि त्याला नेमकी तीच, आणि भरपूर, लागतात. तिसरीतल्या मुलीनं पहिलीचं पुस्तक हातात घेतलं तर वर्ग हसतो. पण बारक्यांना वाचून दाखवायचं म्हणून घेतलं तर ते काम होतं, मानाचं होतं. मी दर शनिवारी नवं पुस्तक नेऊ लागले. एका ओळीची झाली, मग दोन ओळींची, मग परिच्छेदाची. केव्हातरी माझी मी फास्टर फेणेपाशी पोचले. बाईंनी मला वाचायला शिकवलं असं त्या कधीच कबूल करणार नाहीत. त्यांच्या मते मी वाचनालयाला मदत करत होते.

बालविभागातल्या एकाही पुस्तकावर त्यांनी इयत्ता किंवा वय लिहू दिलं नाही, त्याचं कारण हेच. प्रकाशकानं मुखपृष्ठावर वय छापलेलं असलं तर त्यावर वाचनालयाचं लेबल बरोबर चिकटायचं. आजही एखादी आई 'आमचा सात वर्षांचा आहे, त्याच्या वयाचं द्या' म्हणाली की मी विचारते, तो हल्ली घरी कशाविषयी बोलतो? ट्रॅक्टर, कुत्र्याची पिल्लं, पडायला आलेला दात, जे असेल ते सांगा. वयापेक्षा त्या उत्तरानं पुस्तक लवकर सापडतं.

कॉलेजात असताना मी वाचनालयात अर्धवेळ मदतनीस म्हणून लागले आणि बाईंची निवड जवळून बघायला मिळाली. नव्या पुस्तकांचं पार्सल आलं की त्या प्रत्येक पुस्तकाची दोनदा परीक्षा घेत. आधी पोस्टकार्डानं शब्द झाकायच्या आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जायच्या. गोष्ट कितपत लागते? मग चित्र झाकून नुसते शब्द वाचायच्या. चित्र झाकल्यावर काहीच अडलं नाही, तर ते चित्र त्यांच्या लेखी शोभेचं. "ससा गाजर खातो असं लिहिलंय आणि ससा गाजर खाताना काढलाय. मग मुलानं चित्रात शोधायचं काय?" चांगल्या पुस्तकात शब्द थोडं सांगतात, चित्र थोडं सांगतं आणि उरलेलं मुलानं जुळवायचं असतं.

या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवलेलं पुस्तक बाईंना निवृत्तीनंतर बघायला मिळालं. भाचीनं तिच्या मुलीसाठी घेतलेलं, पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक', १९६८ सालचं. रोझी नावाची कोंबडी आवारातून फिरून घरी जेवायला येते. सबंध पुस्तकात तेवढं एकच वाक्य, पानापानांवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं. चित्रात मात्र एक कोल्हा पहिल्यापासून तिच्या मागावर आहे आणि दर वेळी फजीत होतो. शब्दांत त्या कोल्ह्याचा उल्लेखच नाही. कोंबडीला त्याचा पत्ता नाही आणि वाचून दाखवणारा मोठा माणूसही जणू काही ठाऊकच नसल्याच्या आवाजात वाचत राहतो. मुलं ओरडायला लागतात, "अगं, मागे बघ, मागे!" बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ, वाचता न येणाऱ्या पोराला या पुस्तकात वाचणाऱ्यापेक्षा जास्त कळतंय." चित्रपुस्तक निवडताना मी दुसरं काही विसरले तरी हे विसरत नाही. मोठ्याच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी मुलाला सापडेल, इतकी जागा त्यात हवी.

तिसरी परीक्षा कानाची. पुस्तक मोठ्यानं वाचून बघितल्याशिवाय बाई बिलावर सही करत नसत. वाक्य तोंडात अडकलं, एका श्वासात मावलं नाही, तर कितीही सुंदर छापलेलं असो, ते पुस्तक बाजूला. ओळ कुठे तुटते हे त्या बघायच्या. अर्थाच्या मध्येच ओळ तोडली की नवशिका वाचक पडतो. गडद चित्रावर काळी अक्षरं छापलेली असली, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडलेले असले, तर त्यांचा पारा चढायचा. आणि घरी आईबापांना ते पुस्तक लागोपाठ पंधरा दिवस वाचावं लागणार आहे, हेही त्या धरून चालत. दुसऱ्या वाचनात मोठ्याला कंटाळा आला तर तो पानं गाळायला लागतो आणि मूल ते ताबडतोब पकडतं. म्हणून पुस्तक मोठ्यालाही आवडायला हवं, हा त्यांचा नियम होता.

विंदा करंदीकरांच्या बालकविता त्यांना प्रिय होत्या त्या यासाठीच. 'राणीची बाग' १९६१ साली आलं. त्यानंतर विंदांनी मुलांसाठी जे एकामागून एक लिहिलं ते मोठ्यांसाठीच्या कवितेइतकंच मन लावून लिहिलं. वाचनालयाच्या अध्यक्षांनी एकदा विचारलं होतं की या पातळ पुस्तकांवर इतका खर्च कशाला, त्याच पैशात दोन कादंबऱ्या येतील आणि वर्गणीदार खूश होतील. बाईंनी विंदांचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि मोठ्यानं वाचायची विनंती केली. अध्यक्ष वाचू लागले, पहिल्या कवितेनंतर थांबायचं विसरले, आणि दोरीखालची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. त्या वर्षी बालविभागाची रक्कम कमी झाली नाही.

'तात्पर्य' छापलेली पुस्तकं बाई विकत घेत नसत. देणगीत आली तर तेवढी ओळ लेबलाखाली जायची. नीतीला त्यांचा विरोध नव्हता. गोष्ट ऐकून झाल्यावर मुलं गप्प बसतात, तो वेळ मुलांचा, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळात आपण उत्तर सांगून टाकलं तर त्यांना विचार करायला काही उरत नाही. गोष्टीतलं मूल स्वतः काही करतं की त्याला फक्त सांगितलं जातं, आणि गोष्टीतली मोठी माणसं कधी चुकतात का, हे दोन प्रश्न त्या हमखास विचारायच्या.

यावरूनच एकदा वाद झाला होता. गावात रशियन पुस्तकांचं प्रदर्शन यायचं. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं, जाड कागद, रंगीत चित्रं आणि किंमत अगदी हाताजोगी. बाई हावरटासारख्या खरेदी करायच्या. मंडळातल्या एका गृहस्थांना यात राजकारणाचा वास आला. बाईंनी त्यांना व्हिक्टर द्रागून्स्की यांच्या 'देनिसच्या गोष्टी' घरी न्यायला लावल्या. देनिस हा मॉस्कोतला एक द्वाड मुलगा. आईनं समोर ठेवलेली लापशी खाववत नाही, म्हणून तो ती खिडकीतून खाली ओततो आणि थोड्याच वेळात टोपीवर लापशी घेतलेला एक माणूस पोलिसासह दारात उभा राहतो. गृहस्थांनी पुस्तक परत करायला महिना लावला. नातवानं सोडलं नाही, असं म्हणाले. पुढे १९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि ती पुस्तकं यायची थांबली. आमच्याकडच्या प्रती बाईंनी खळ लावून, कापडी पट्ट्या चिकटवून पुष्कळ वर्षं चालवल्या.

देनिसवर बाईंचा जीव होता त्याचं आणखी एक कारण आहे. चित्रपुस्तकं वाचून झालेलं मूल फास्टर फेणेपर्यंत एका उडीत पोचत नाही. मधे एक दरी असते. वाचता तर येतं, पण दीडशे पानांची छाती होत नाही आणि एका ओळीच्या पुस्तकात आता मन रमत नाही. सात ते नऊ वर्षांच्या या मुलांना लागतात छोट्या प्रकरणांची पुस्तकं: माणसं तीच, गोष्ट मात्र दर वेळी नवी, एका बैठकीत एक प्रकरण पुरं होणारं, मधूनमधून चित्र आणि भरपूर संवाद. तीच माणसं असण्याचा फायदा असा की दुसऱ्या गोष्टीपासून मुलाला कोण कुणाचा हे नव्यानं लावावं लागत नाही. सगळी ताकद वाचनाला उरते. देनिस यात चपखल बसायचा. ना. धो. ताम्हनकरांच्या 'गोट्या'तली प्रकरणंही सुटी वाचता येतात, पण त्यातला काळ जुना, म्हणून तो बाई स्वतः वाचून दाखवायच्या. 'तोत्तोचान' आलं तेव्हा तर त्यांनी दोन प्रती घेतल्या. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ सालचं, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलेलं. प्रकरणं दोनतीन पानांची. एवढं जाड पुस्तक आपण वाचलं, हा अभिमान मुलाला मिळतो आणि दमछाक होत नाही.

तरीही पुस्तकं कमीच पडायची. मग बाईंनी 'किशोर'च्या जुन्या अंकांना हात घातला. बालभारतीचं हे मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं आणि वाचनालयात त्याचे गठ्ठे साठले होते. अंकाच्या दोन दोन प्रती होत्या तिथली एक प्रत बाई उसवायच्या. त्यातली एक गोष्ट सुटी करून, जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे लावून तिची वेगळी पुस्तिका शिवायच्या. मुखपृष्ठावर गोष्टीचं नाव आणि आमच्यापैकी कुणीतरी काढलेलं चित्र. सबंध अंक पाहून बिचकणारं मूल ती आठ पानांची पुस्तिका घेऊन जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुढची मागायला यायचं. अशा पुस्तिका शिवता शिवता मला प्रकरण म्हणजे काय ते कळलं. भाकऱ्या होईपर्यंत जे संपतं आणि जेवताना ज्याविषयी बोलता येतं, ते प्रकरण.

परत आलेल्या पुस्तकांची बाई नुसती तारीख बघत नसत. पुस्तक हातात घेऊन अंगठ्यानं फरफर पानं सोडायच्या, मग एका पानावर थांबून मला दाखवायच्या. इथे हळदीचा अंगठा आहे, म्हणजे आईनं स्वयंपाक करता करता वाचून दाखवलंय. हे पान सपाट झालंय, पुस्तक इथे उघडं ठेवून कुणीतरी पालथं पडून बघत होतं. इथली पीन सैल आहे, दोघांनी ओढाओढ केलीय. सुरुवातीची चार पानं हाताळलेली आणि पुढची कोरी करकरीत असली तर त्या म्हणत, पाचव्या पानावर काय झालं ते बघायला हवं. बहुतेकदा तिथून मजकूर एकदम दाट झालेला असायचा. डागांसाठी त्यांनी कधी दंड घेतला नाही. वह्यांमध्ये त्यांच्या नोंदी आहेत. पुस्तकाच्या नावापुढे 'पान १२ वर थांबतात', 'धाकट्यांना कुत्रा, थोरल्यांना आजोबा' असं काहीबाही. आज मी जी यादी करून देते तिचा पाया त्या वह्या आहेत.

मला त्यांचं सगळ्यात मोठं देणं वाटतं ते याच नोंदींमधल्या एका खुणेचं. नेलेलं पुस्तक न वाचता परत करायची मुलांना पूर्ण मुभा होती. का, विचारायचं नाही. तोंड वाकडं करायचं नाही. 'थोडं तरी वाच' म्हणायचं नाही. फक्त देवघेवीच्या कार्डावर, पुस्तकाच्या नावापुढे, पेन्सिलीनं एक ठिपका. "ठिपका पुस्तकाला," त्या बजावून सांगत, "मुलाला नाही." बरेच ठिपके पडले की पुस्तक दोरीवरून उतरायचं, पण रद्दीत जायचं नाही. आठवड्याभरानं ते दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या पुस्तकांच्या शेजारी लटकायचं, आणि कधीकधी अगदी वेगळ्याच मुलाच्या हाती लागायचं.

मोठी माणसं पुस्तक अर्ध्यावर टाकतात, कुणी त्यांना विचारत नाही. मुलानं टाकलं की ते आळशी ठरतं. वास्तविक मुलासाठी पुस्तक कुणी लिहायचं, कुणी छापायचं, कुणी विकत घ्यायचं, कुणी वाचून दाखवायचं हे सगळं मोठ्यांच्या हातात. मुलाच्या हातात राहतो एक नकार. तोही काढून घेतला तर ते निवडायला कधी शिकणार? नकोसं पुस्तक टाकून देता आलं की हवंसं मागायची हिंमत येते. माझ्या पहिल्या वर्षातल्या कार्डावर ठिपकेच ठिपके आहेत. ते कार्ड बाईंनी मला निवृत्तीच्या दिवशी दिलं आणि म्हणाल्या, "बघ, किती चोखंदळ होतीस."

त्या निवृत्त झाल्यावर खुर्ची माझ्याकडे आली. तोवर मराठीत बरंच काही बदलायला लागलं होतं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आलं तेव्हा संच घेऊन मी थेट बाईंच्या घरी गेले. शब्दही त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. घरातली माणसं आणि त्यांचे रोजचे उद्योग, एवढाच विषय. बाईंनी नेहमीप्रमाणे पोस्टकार्ड मागितलं. चित्र झाकून वाचलं, शब्द झाकून बघितलं, मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे आपल्याला तेव्हा मिळायला हवं होतं." नंतर यशच्या गोष्टी आल्या, 'हात मोडला', 'कंटाळा' वगैरे, त्यांनी ती मधली दरी बुजवायला फार मदत केली. पुरंदऱ्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा बाईंनी मला फोन करून पेढे घेऊन यायला सांगितलं. आणायचे मी, खायचे त्यांनी.

स्वस्त पुस्तकांची वाण आता तितकीशी राहिलेली नाही. प्रथम बुक्स ही संस्था २००४ साली सुरू झाली. तिच्या मराठी पुस्तकांनी आमच्या पुस्तकपेट्या भरल्या. केस कापून घ्यायला निघालेल्या शृंगेरी श्रीनिवासला न्हाव्यापासून सुतारापर्यंत कुणाकडेच वेळ मिळत नाही, ही गोष्ट अंगणवाडीत हुकमी चालते, कारण तिसऱ्या नकारापासून पुढचा नकार मुलंच देतात. चेन्नईच्या तूलिकाची दोन भाषांतली पुस्तकं भाचीच्या घरी उपयोगी पडतात. त्यातलं 'एक्की दोक्की' तर आपल्याच लोककथेवरचं, एका केसाच्या आणि दोन केसांच्या बहिणींचं. तिकडे आई मराठीतून वाचते, लेक इंग्रजीतून, आणि इकडची आजी फोनवरून दोघींना दुरुस्त करते. २०१५ पासून प्रथमच्या स्टोरीवीव्हरवर गोष्टी फुकट वाचता, उतरवून घेता आणि छापताही येतात. तिथे वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. शिक्षकांना त्यांचा आधार होतो. मी मात्र छापून घेताना पातळीचा आकडा मुलाला दिसणार नाही असं बघते. लेबलं अजून संपलेली नाहीत.

आता माझ्याकडे वाड्यावस्त्यांवरच्या अंगणवाड्या आणि शाळांच्या पुस्तकपेट्या असतात. पेटी भरताना जुनं प्रमाण पाळते: थोडी शब्दांशिवायची, बरीच एकदोन ओळींची, काही छोट्या प्रकरणांची, आणि एखाददुसरं असं जे कुणालाच झेपणार नाही, पण चित्रांसाठी मुलं उघडतील. वस्तीवरच्या मुलांच्या घरासारखं घर एखाद्या तरी पुस्तकात असावं, आणि त्यांनी कधी न पाहिलेला समुद्र किंवा बर्फही असावा. मोठ्यानं वाचल्याशिवाय पेटीत काही जात नाही. पोस्टकार्डं हल्ली सहज मिळत नाहीत. बाईंनी त्यांचं दिलंय.

बाई ऐंशीच्या पुढे गेल्यात. ऐकू नीट येतं, डोळे दमतात. पेटी परत आली की मला हिशेब द्यावा लागतो. परवा एका वस्तीवरची पेटी आली. तिथल्या ताई नव्या, फार मेहनती. त्यांनी चिठ्ठी पाठवली होती की मुलांनी सगळी पुस्तकं पूर्ण वाचली. मी बाईंना तसं सांगितलं.

"न वाचता परत किती?"

"एकही नाही, बाई."

"मग मुलं घाबरतायत. तू जाऊन ये."

शनिवारी गेले. ताईंना मागे बसवलं, मुलांमध्ये बसून एक पुस्तक उघडलं, चार पानं वाचली आणि म्हटलं, मला काही हे आवडलं नाही बुवा, दुसरं कोण देतं? क्षणभर सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई हसल्या. मग मला पुस्तकं सुचवायला इतके हात पुढे आले की कुणाचं घ्यावं कळेना. पुढच्या खेपेला पेटीतून बरीच पुस्तकं न वाचता आली आणि त्यात मी फार हौसेनं घातलेलं एक होतं. एका दुसरीतल्या मुलीनं दोन पानांत मिटलेलं. बाईंना कळवलं.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "आता तिला काय देणार आहेस?"